भूक हिशेब ठेवते

१९४४च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांमध्ये ३६ तरुण राहायला आले. बंदूक हातात धरायला त्यांनी तत्त्व म्हणून नकार दिला होता आणि त्याऐवजी एका प्रयोगासाठी आपली शरीरं देऊ केली होती. युरोपात असंख्य लोक उपाशी होते. युद्ध संपल्यावर त्यांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. अ‍ॅन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने ठरवलं, आधी उपासमारीत माणसाचं काय होतं ते बारकाईने पाहू.

पहिले तीन महिने सगळे पोटभर जेवले, दिवसाला साधारण ३२०० कॅलरी. मग २४ आठवडे जेवण निम्म्यावर आलं. बटाटे, सलगम, ब्रेड, मॅकरोनी. सगळं मिळून १६०० कॅलरींच्या आसपास. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. हा १६००चा आकडा मला दरवेळी थबकवतो, कारण आज वजन कमी करण्याच्या कितीतरी तक्त्यांवर याहून कमी आकडा असतो आणि तो पाळता आला नाही की माणूस स्वतःला नावं ठेवतो.

त्या मुलांचं काय झालं? वजन सुमारे एक चतुर्थांशाने उतरलं, नाडी मंदावली, भर उन्हाळ्यात थंडी वाजू लागली. पण खरा बदल मनात झाला. स्वयंपाकघरात कधी पाऊल न टाकलेले हे तरुण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले आणि रात्री अंथरुणात पडून वाचू लागले. पानातलं अन्न पुरवून पुरवून खायचं, त्यात पाणी घालून ते वाढवायचं, शेवटी ताट चाटून स्वच्छ करायचं. गप्पांचा विषय एकच उरला. ज्यांनी तत्त्वासाठी अख्ख्या देशाचा रोष अंगावर घेतला, त्यांच्या निग्रहाबद्दल कोण शंका घेईल? तरीही भुकेने त्यांचं सगळं मन व्यापलं. म्हणूनच ‘डाएट मोडलं’ म्हणून मान खाली घालणाऱ्या कुणालाही मी जिभेचे चोचले हे कारण सांगू देत नाही. ही गोष्ट जिभेच्या कितीतरी खाली घडते.

नेमकी कुठे, याचा शोध एका गलेलठ्ठ उंदरापासून लागला. अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत असे दोन जातींचे उंदीर होते, दोन्ही सतत खाणारे आणि कमालीचे लठ्ठ. डग्लस कोलमन या संशोधकाने दोन-दोन उंदीर शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडले, म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्यात जाईल. पहिल्या जातीचा लठ्ठ उंदीर सडपातळ उंदराला जोडला, तर लठ्ठाचं खाणं कमी होऊन तो बारीक होऊ लागला. दुसऱ्या जातीचा जोडला, तर उलटंच घडलं. लठ्ठ होता तसाच राहिला आणि त्याच्या शेजारचा धडधाकट उंदीर अन्न समोर असून खायचा थांबला आणि उपासमारीने मेला. कोलमनने त्यातून काढलेला निष्कर्ष मला विज्ञानातल्या सर्वांत देखण्या निष्कर्षांपैकी एक वाटतो. रक्तातून ‘पुरे’ असा काहीतरी निरोप फिरतो. पहिल्या जातीला तो निरोप तयारच करता येत नाही. दुसऱ्या जातीत तो भरपूर तयार होतो, पण तिला तो ऐकू येत नाही.

हा निरोप म्हणजे कोणता पदार्थ, ते १९९४मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला सापडलं. त्याला लेप्टिन म्हणतात आणि तो चक्क चरबीत तयार होतो. तोवर बहुतेक लोक चरबीला शरीराचं मुकं कोठार समजत होते. ते कोठार रात्रंदिवस मेंदूला कळवत असतं, माझ्यात इतका साठा आहे. लेप्टिन टोचलं की वजन उतरेल, अशी मोठी आशा तेव्हा निर्माण झाली. पण लठ्ठ माणसांच्या रक्तात ते आधीच भरपूर होतं, जास्तीचं देऊन फारसा फरक पडेना. मेंदू जास्त लेप्टिनकडे काणाडोळा करतो. ते कमी झालं, की मात्र खडबडून जागा होतो.

आपण डाएट सुरू करतो तेव्हा हेच घडतं. चरबी थोडी घटली की लेप्टिन घसरतं, आणि मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस ते दुष्काळाची वर्दी म्हणून वाचतो. तिथल्या मोजक्या पेशी प्रकाशाने चेतवल्या, तर पोट भरलेला उंदीरही काही मिनिटांत अन्नावर तुटून पडतो. त्याच पेशी आपल्यातही आहेत. मेलबर्नमध्ये ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी आहारावर ठेवलं आणि वर्षभराने तपासलं, तेव्हाही त्यांच्या रक्तातली भुकेची संप्रेरकं पूर्वपदावर आली नव्हती. त्या लोकांना भूकही पूर्वीपेक्षा जास्त लागत होती.

किती जास्त? याचं उत्तर मधुमेहाच्या एका औषधाने अवचित दिलं. हे औषध रोज काहीशे कॅलरींची साखर लघवीवाटे बाहेर टाकतं. रुग्णाला त्याचा पत्ता लागत नाही. तो डाएटही करत नसतो. वजन सुरुवातीला उतरतं आणि काही महिन्यांत थांबतं. केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये यावरून उलटं गणित मांडलं. कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे भूक दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढत होती. शरीराचा खर्च मात्र किलोमागे २०-३० कॅलरींनीच घटतो. म्हणजे ‘माझं मेटॅबोलिझम मंदावलंय’ ही नेहमीची तक्रार खरी असली, तरी भुकेचा जोर तिच्या तिप्पट-चौपट आहे. पाच किलो उतरवलेल्या माणसाला शरीर रोज पाचेक छोट्या पोळ्या जास्त मागतं. आरडाओरडा न करता मागतं: संध्याकाळी साडेचारला चहाबरोबर फरसाणाच्या डब्याकडे हात जातो, रात्री भाताचा आणखी एक चमचा वाढून घेतला जातो, आणि आपण जास्त खाल्लं असं वाटतही नाही.

आता पुन्हा मिनेसोटा. उपासमार संपून मुलांना हवं तेवढं खायला मिळालं, तेव्हा काहींनी दिवसाला ५००० कॅलरींच्या वर मजल मारली, तरी ‘पोट भरत नाही’ म्हणत राहिले. गमावलेली चरबी भरून आली, तिच्यावर आणखी चढली, तरी भूक ओसरेना. कीज यांनी सगळे आकडे १९५० साली दोन जाडजूड खंडांत छापून ठेवले होते. स्वित्झर्लंडमध्ये अब्दुल दुल्लू यांनी नव्वदच्या दशकात ते पुन्हा तपासले आणि त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. भूक फक्त चरबीचा हिशेब ठेवत नव्हती, गेलेल्या स्नायूंचाही ठेवत होती. स्नायू सावकाश भरतात, चरबी भराभर. स्नायूंची वसुली पूर्ण होईपर्यंत भूक पेटती राहते, आणि तोवर चरबी मूळच्या पुढे निघून जाते.

हे वाचताना मला पुणं आठवतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपले दोघांचे शेजारी-शेजारी फोटो छापले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२च्या घरात. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांच्या अभ्यासात याचं मूळ जन्माच्याही आधी असल्याचं दिसलं. ती बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी बरीच लहान होती, चरबी मात्र त्यांनी जवळपास राखून ठेवली होती.

म्हणजे स्नायूंची पुंजी मुळातच तुटपुंजी असलेली माणसं आपण, आणि सोमवारपासून डाएट म्हणत आधी दोन पोळ्या कमी करतो, वर सलाड घेतो, आठवड्याला दीड किलो उतरलं की खूष होतो. त्या दीड किलोत स्नायू किती गेले, हे वजनकाटा सांगत नाही. भुकेला ते कळलेलं असतं.

म्हणून मला वाटतं, फिटनेससाठी आहार बदलायचा तर आधी भर घालावी आणि मग कपात करावी. प्रत्येक जेवणात वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, दही, चालत असेल तर अंडं किंवा मासे. आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलणं किंवा दमवणाऱ्या उठाबशा, म्हणजे असलेले स्नायू टिकतील. वजन हळू उतरू द्यावं, महिन्याला दोनेक किलो पुष्कळ झाले. आणि साडेचारची भूक येणार हे गृहीत धरून सकाळी डबा भरतानाच तिच्यासाठी मूठभर फुटाणे वेगळे बांधून घ्यावेत.