मॉस्को-बीजिंग बेबनाव आणि कोयलीची रिफायनरी

वडोदऱ्यातील सुभानपुरा वसाहतीपासून काही किलोमीटरवर कोयली येथे गुजरात रिफायनरी आहे. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या या प्रकल्पाची पायाभरणी पंतप्रधान नेहरू यांनी १० मे १९६३ रोजी केली. त्याच काळात सोव्हिएत संघ आणि चीन या दोन साम्यवादी सत्तांचे संबंध तुटण्याच्या बेतात होते. भारताला मिळणारे सोव्हिएत साहाय्य हेही त्या बेबनावाचे एक कारण होते.

आरंभ मैत्रीचा होता. १ ऑक्टोबर १९४९ रोजी चिनी लोकगणराज्याची घोषणा झाली आणि दुसऱ्याच दिवशी मॉस्कोने त्यास मान्यता दिली. फेब्रुवारी १९५० मध्ये तीस वर्षांचा मैत्री करार झाला. सोव्हिएत अभियंते चीनमध्ये कारखाने उभारू लागले. मात्र १९५६ मध्ये ख्रुश्चेव्ह यांनी स्टालिनवर केलेली टीका आणि पाश्चात्त्य देशांशी शांततामय सहजीवनाचे धोरण माओंना मानवले नाही. १९५९ मध्ये भारत-चीन सीमेवर चकमक झाली, तेव्हा मॉस्कोने तटस्थ निवेदन काढले. साम्यवादी मित्राची बाजू न घेणे बीजिंगला विश्वासघातासारखे वाटले. जुलै १९६० मध्ये सोव्हिएत संघाने चीनमधील आपले तेराशेहून अधिक तज्ज्ञ परत बोलावले. अनेक प्रकल्प अर्धवट राहिले.

भारताशी असलेले सहकार्य मात्र वाढत गेले. अंकलेश्वरच्या तेलक्षेत्राच्या शोधात सोव्हिएत तज्ज्ञांचा सहभाग होता. तेथील कच्च्या तेलासाठी योजलेली कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली. तिची आरंभीची क्षमता वर्षाला वीस लाख टन होती.

या वादाची झळ मराठी नेतृत्वालाही लागली. मार्च १९६३ मध्ये चीनच्या 'रेनमिन रिबाओ' या मुखपत्राने भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे अध्यक्ष श्रीपाद अमृत डांगे यांच्यावर नाव घेऊन टीका केली. १९६४ मध्ये पक्ष फुटला. डांगे मूळ पक्षात राहिले, तर बी. टी. रणदिवे मार्क्सवादी पक्षात गेले. काँग्रेसविषयीच्या भूमिकेसारखे देशांतर्गत मतभेदही या फुटीमागे होते. मार्क्सवादी पक्ष चीनचा अनुयायी ठरला नाही. १९६७ मध्ये बीजिंगने त्याच्याऐवजी नक्षलबाडीच्या उठावाला पाठिंबा दिला. तरीही, बाहेरच्या वादाने घरातील दरी रुंदावली, हे नाकारता येत नाही.

मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीवरील बेटासाठी दोन्ही देशांच्या सैन्यांत रक्त सांडले. १९८० मध्ये मैत्री करार नूतनीकरणाविना संपला. अखेर मे १९८९ मध्ये गोर्बाचेव्ह बीजिंगला गेले आणि संबंध पूर्ववत झाले.

समान विचारसरणीमुळे दोन राष्ट्रांचे हितसंबंध एक होत नाहीत, हा या इतिहासाचा धडा आहे. राष्ट्रांनी सोयीनुसार भांडण केले आणि सोयीनुसार ते मिटवलेही. भारतातील दोन कम्युनिस्ट पक्ष मात्र आजही वेगळेच आहेत.