कराटेचा ब्लॅक बेल्ट कितव्या वर्षी?



"सर, ब्लॅक बेल्ट किती वर्षांत मिळेल?" कराटे क्लासमध्ये हा प्रश्न हमखास येतो. त्याआधी विचारायला हवं, मुलाला तो पेलेल कधी?

ब्लॅक बेल्टच्या पहिल्या पायरीला जपानीत 'शोदान' म्हणतात. 'शो' म्हणजे आरंभ. गिचिन फुनाकोशी यांनी कराटेतले पहिले दान दर्जे १९२४ साली दिले. म्हणजे हा पट्टा शिक्षणाचा शेवट नव्हे, पाया पक्का झाल्याची ती खूण.

कराटेच्या सगळ्या संघटनांना लागू असा वयाचा एकच नियम नाही. आठ-नऊ वर्षांचं मूल काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, छान बसवतं. पण सरावात समोरच्याला लागू नये म्हणून ताकद आवरणं, राग गिळणं, हे वयानुसारच जमतं. म्हणूनच काही संघटना मुलांना ज्युनियर ब्लॅक बेल्ट देतात. तायक्वांदोत कुक्कीवॉन ही संस्था १५ वर्षांखालच्या मुलांना 'दान'ऐवजी 'पूम' दर्जा देते.

धोका कुठे आहे बघा. काळा पट्टा बांधलेल्या दहा वर्षांच्या मुलाला वाटलं, 'मी आता कुणालाही हरवीन', तर संकटात पळून मोठ्यांना सांगायचं सोडून ते भिडायला जाईल!

तेव्हा क्लास निवडताना 'किती वर्षांत' असं विचारू नका. परीक्षेत काय बघतात, नापास करतात का, पट्टा मिळाल्यावर पुढे काय शिकवतात, हे विचारा. आणि मुलाला सांगा, पट्टा उशिरा मिळाला तरी चालेल, सराव चुकवू नकोस.