दावा अडला, मालकी ठरली नव्हती
हैदराबादच्या मलकपेठेत निजामाच्या लंडनमधल्या पैशांचा विषय निघाला की ‘१९५७ सालीच पाकिस्तान जिंकलं’ असं हमखास ऐकू येतं. ही गल्लत समजण्यासारखी आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादचे मंत्री मोईन नवाज जंग यांनी दहा लाखांहून अधिक पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात वळवले. आपली परवानगी नव्हती, असं निजामाने लगोलग कळवलं. मंत्र्याने अधिकार ओलांडला का, हा मुद्दा निजामाने लावलेल्या दाव्यात १९५७ मध्ये तपासलाच गेला नाही. आड आली सार्वभौम प्रतिरक्षा (परक्या देशावर त्याच्या संमतीविना दावा न चालणे). शेजाऱ्याने दार उघडलं नाही म्हणून त्याच्याकडे ठेवलेली आपली पेटी त्याची होत नाही. २०१३ मध्ये पाकिस्तानने स्वतःच दावा लावला आणि ते कवच गेलं. २०१९ चा निकाल भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने लागला.