मोटारसायकलचे शर्यतमार्गावरील संरक्षण

मोटारसायकलचे शर्यतमार्गावरील संरक्षण : बंदिस्त शर्यतमार्गावर वेगाने धावणारी मोटारसायकल पडल्यास तिच्या महत्त्वाच्या भागांची हानी कमीत कमी व्हावी, वंगण तेल, पाणी वा पेट्रोल मार्गावर सांडू नये आणि पडलेली गाडी स्वाराला किंवा मागून येणाऱ्यांना अधिक घातक ठरू नये, यांसाठी केलेल्या योजनांना व पूर्वतयारीला ही संज्ञा लावतात. सार्वजनिक रस्त्यावर पडणे हा अपवाद असतो. शर्यतमार्गावर मात्र पकडीच्या मर्यादेपर्यंत गाडी नेण्याचाच अभ्यास चालत असल्याने पडणे ही गृहीत धरण्याची बाब असते. म्हणून येथे संरक्षणाचा विचार गाडीच्या जुळणीइतकाच मूलभूत मानला जातो.

पडण्याचे प्रकार : वळणावर कललेल्या गाडीच्या पुढच्या किंवा मागच्या चाकाची पकड सुटली, तर गाडी कललेल्या बाजूवरच आडवी होऊन घसरत जाते. यास लो-साइड म्हणतात. मागचे चाक आधी घसरले आणि मग त्याला अकस्मात पकड मिळाली, तर गाडी झटक्याने उभी होऊन विरुद्ध बाजूस उलटते व स्वार हवेत फेकला जातो. यास हाय-साइड म्हणतात. पहिल्या प्रकारात स्वार बहुधा आधीच जमिनीलगत असतो व गाडी त्याच्या पुढे घसरत जाते. दुसऱ्या प्रकारात स्वार आणि गाडी या दोहोंना उंचीवरून आपटण्याचा आघात सोसावा लागतो.

गाडीच्या हानीच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा भेद घसरणे आणि कोलांटणे यांतील आहे. २०० किग्रॅ. वस्तुमानाची मोटारसायकल ताशी १०० किमी. वेगाने जात असता तिची गतिज ऊर्जा सु. ७७ किलोजूल असते. सु. ३९ मी. उंचीवरून पडलेल्या त्याच गाडीची जमिनीवर आदळतानाची ऊर्जा एवढीच असेल. डांबरी पृष्ठ आणि घसरणारे भाग यांच्यातील घर्षण गुणांक ०·४ धरला, तर ही ऊर्जा संपेपर्यंत गाडी सु. १०० मी. घसरेल व त्यास सु. ७ सेकंद लागतील. वेग दुप्पट झाल्यास अंतर चौपट, म्हणजे सु. ४०० मी. होईल. घसरताना ऊर्जा संथपणे झिजेत व उष्णतेत खर्च होते. कोलांटताना तीच ऊर्जा काही मोजक्या आघातांत सांगाडा, पुढील दुशाखा, चाके आणि टाकी यांवर पडते. साहजिकच संरक्षणाचे पहिले सूत्र असे की, पडलेली गाडी घसरत राहिली पाहिजे. तिचा कोणताही भाग जमिनीत रुतता कामा नये. दुसरे सूत्र असे की, झिजायचे ते स्वस्त व बदलता येण्याजोगे भागच झिजले पाहिजेत.

जमिनीस टेकणारे भाग : आडव्या झालेल्या गाडीचे हँडलचे टोक, पायटेकू, एंजिनाच्या बाजूची झाकणे, चाकांच्या आसांची टोके आणि बाह्य आच्छादनाचा फुगीर भाग हे प्रथम जमिनीस लागतात. यांपैकी एंजिनाची झाकणे सर्वांत नाजूक होत. जनित्र, क्लच आणि प्रज्वलन-संवेदक यांवरील ही झाकणे पातळ ॲल्युमिनियम मिश्रधातूची ओतीव असून त्यांच्या आत वंगण तेल असते. डांबरावर काही मीटर घासल्यावरही त्यांना भोक पडू शकते. मग तेल मार्गावर सांडते, मागच्या चाकावर उडते आणि त्याच वळणावर मागून येणाऱ्या स्वारांच्या जिवावर बेतते. गाडीची इजा मालकापुरती राहते. सांडलेल्या तेलाची इजा सर्वांची होते. म्हणूनच शर्यतींच्या नियमांत झाकणांच्या संरक्षणाला अग्रस्थान आहे.

एंजिनाची दुय्यम झाकणे : मूळ झाकणावर बसणारे दुसरे जाड कवच हा यावरील उपाय होय. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाच्या (एफआयएम) नियमांनुसार उत्पादित गाड्यांवर आधारलेल्या सुपरबाइक व सुपरस्पोर्ट या वर्गांत, पडल्यावर जमिनीस लागू शकणाऱ्या व तेल असणाऱ्या बाजूंच्या झाकणांना असे दुय्यम आवरण सक्तीचे आहे. ही कवचे ॲल्युमिनियम मिश्रधातू, पोलाद, टिटॅनियम, कार्बन व केव्हलार तंतूंची संमिश्रे किंवा काचतंतूंनी प्रबलित नायलॉन यांची करतात. प्रबलित नायलॉन आघात शोषते व सावकाश झिजते, म्हणून ते विशेष रूढ आहे. कवच मूळ झाकणाच्याच बोल्टांनी, पण अधिक लांबीचे बोल्ट वापरून, घट्ट बसवतात. नुसते चिकटवलेले कवच पहिल्याच आघातात निघून जाण्याचा संभव असतो. कवचाला धारदार कडा असू नयेत.

सांगाड्याचे घसरगुटके : एंजिन सांगाड्यास जोडणाऱ्या बोल्टावर दोन्ही बाजूंस बसवलेल्या प्लॅस्टिकच्या जाड गोलाकार गुटक्यांना क्रॅश बंग किंवा फ्रेम स्लायडर म्हणतात. ते नायलॉन, ॲसिटल किंवा उच्च घनतेचे पॉलिएथिलीन यांचे असतात. जागच्या जागी पडलेल्या किंवा मंद वेगाने घसरलेल्या गाडीला त्यांचा उत्तम उपयोग होतो. शर्यतमार्गावर मात्र त्यांची निवड विचारपूर्वक करावी लागते. गुटका जितका लांब, तितका तो तरफेसारखे काम करतो. त्यावरील आघाताने बोल्ट वाकतो, सांगाड्यातील आटे फाटतात आणि प्रसंगी एंजिनाच्या पेटीचा कान तुटतो. अशा वेळी वाचलेल्या आच्छादनापेक्षा गमावलेले एंजिन कितीतरी महाग पडते. शिवाय लांब गुटका खडीत किंवा मार्गाच्या कडेच्या उंचवट्यात अडकून घसरणाऱ्या गाडीला कोलांटी देऊ शकतो. यास्तव शर्यतमार्गासाठी आखूड, रुंद व गोलसर कडांचे गुटके पसंत करतात. शक्य तेथे त्यांचा भार एका बोल्टावर न ठेवता पट्टीच्या साहाय्याने दोन ठिकाणी विभागतात.

भारतीय रस्त्यांवर सर्रास दिसणारा नळीचा लेगगार्ड आणि साडीगार्ड शर्यतमार्गावर काढून ठेवणे आवश्यक असते. लेगगार्ड वळणावर कलण्याची मर्यादा घटवतो, जमिनीस लागल्यास चाकाचा भार उचलून धरून पकड सोडवतो आणि पडल्यावर नांगरासारखा रुततो. मंद वेगाच्या रहदारीत पाय वाचवणारी ही योजना शर्यतमार्गावर अपघातालाच कारण होते.

आसांचे गुटके : पुढच्या व मागच्या आसांच्या पोकळीतून आरपार दांडा घालून त्याच्या टोकांना छोटे गुटके बसवतात. ते दुशाखेचे तळ, ब्रेकचे कॅलिपर आणि मागची झुलती भुजा यांना झिजेपासून वाचवतात. यांवर येणारा भार आसाच्या रेषेत व आसाजवळच पडत असल्याने सांगाड्यास वाकवणारा परिणाम अल्प असतो. खर्चाच्या मानाने ही योजना फार गुणकारी ठरते.

हँडल, तरफा व पायटेकू : हँडलच्या उघड्या टोकांत भरीव गुटका किंवा रबरी आवरण असावे लागते, एरवी पोकळ नळी शरीरात घुसण्याचा धोका असतो. ब्रेक व क्लच यांच्या तरफांची टोके गोळ्याच्या आकाराची असावी लागतात. नियमांत या गोळ्याचा व्यास किमान १६ मिमी. सांगितला आहे. तरफेचे धारक हँडलवर अतिघट्ट आवळत नाहीत. हाताने जोर लावल्यास ते फिरतील इतपतच आवळल्यास पडताना तरफ मोडण्याऐवजी वळते व गाडी पुन्हा चालवता येते. बिजागरीच्या तरफांचाही हाच हेतू असतो. पायटेकूचे टोक गोल असावे लागते. घडीचा पायटेकू आपोआप पूर्वस्थितीत येणे आवश्यक असते.

पुढील ब्रेकच्या तरफेभोवती बसवलेले कमानीसारखे रक्षक गाडीपेक्षा स्वारासाठी असते. दोन गाड्या एकमेकींना खेटल्या असता एकीची ब्रेक-तरफ दुसरीवर दाबली जाऊन पुढचे चाक अडकते. २००६ मध्ये बार्सेलोनाजवळील कॅटालुन्या मार्गावर मोटोजीपी शर्यतीच्या प्रारंभीच्या वळणावर सेटे जिबर्नाऊ या स्वाराच्या ब्रेक-तरफेला लोरिस कापिरोसी याच्या गाडीचा स्पर्श झाला. जिबर्नाऊ गाडीसह पुढे कोलांटला आणि त्यामागे अनेक गाड्या पडल्या. पुढे हे रक्षक जागतिक शर्यतींत सक्तीचे करण्यात आले.

हँडल पूर्ण वळल्यावर ते व टाकी यांत किमान ३० मिमी. अंतर राहावे, असा नियम आहे; त्यामुळे बोटे चिरडत नाहीत आणि टाकीलाही पोचा पडत नाही. पडताना हँडलवर येणारा आघात सांगाड्यावरील वळण-रोधकावर पडतो. तो रोधक तुटल्यास सबंध सांगाडा निकामी ठरू शकतो. म्हणून काही गाड्यांना रोधकावर बदलण्याजोगे वेगळे कवच बसवतात.

आच्छादन, द्रव व सुरक्षा-तार : मूळचे महाग आच्छादन, दिवे, आरसे, दिशादर्शक व बाजूचे स्टँड काढून त्या जागी काचतंतूंचे साधे आच्छादन बसवतात. ते भेगाळले, तरी राळ व काचकापडाने दुरुस्त होते. दिवे काढता येत नसतील, तर त्यांवर चिकटपट्टी लावतात. त्यामुळे काचांचे तुकडे मार्गावर विखरत नाहीत. आच्छादनाचा खालचा भाग टबासारखा बंद असतो. एंजिन फुटल्यास त्यातील तेल व शीतक द्रव यांच्या एकूण धारणेपैकी किमान निम्मा द्रव त्यात मावला पाहिजे. या भागातील भोके कोरड्या शर्यतीत बंद ठेवून पावसाळी शर्यतीतच उघडतात.

शीतक म्हणून ग्लायकॉलयुक्त द्रव वापरत नाहीत, कारण तो निसरडा असून लवकर वाळत नाही. जागतिक शर्यतींत शुद्ध पाणी किंवा पाणी व एथिल अल्कोहॉल यांचे मिश्रण एवढेच मान्य आहे. तेल काढण्याचा बोल्ट, तेल भरण्याचे झाकण, तेल-गाळणी व ब्रेक कॅलिपरचे बोल्ट यांना पोलादी तारेने बांधतात. तार नेहमी बोल्ट आवळण्याच्या दिशेने ताण राहील अशीच ओवावी लागते. उलट बांधलेली तार निरुपयोगी होय. टाकीच्या श्वसननळीस एकमार्गी झडप असते आणि टाकीत अग्निरोधक जाळीदार फेस भरतात. त्यामुळे पेट्रोल उसळत नाही. गाडी आडवी होताच पेट्रोल-पंप आपोआप बंद होणे हीही आवश्यक व्यवस्था आहे.

पडल्यानंतरची तपासणी : आडव्या गाडीचे एंजिन चालू राहिल्यास तेल-पंपाला तेल मिळत नाही व धारवे जळतात, म्हणून प्रथम एंजिन बंद करतात. तत्पूर्वी स्वाराने मार्गापासून दूर होणे अर्थातच अगत्याचे असते. पुढे जाण्याआधी थ्रॉटल सोडताच मिटतो की नाही हे पाहतात, कारण अडकलेली खडी तो उघडा ठेवू शकते. नंतर ब्रेकची तरफ व नळ्या, हँडलचा सरळपणा, तेलगळती, रेडिएटर आणि पायटेकू यांची पाहणी करतात. तेल गळत असलेली गाडी मार्गावरून चालवीत परत आणणे हा गंभीर नियमभंग समजतात. दुसऱ्या टप्प्यात आच्छादन काढून सांगाड्याची जोडकामे, दुशाखेच्या नळ्या आणि गुटक्यांचे बोल्ट तपासतात. एकदा आघात सोसलेला बोल्ट सरळ दिसला, तरी बदलणे इष्ट असते.

भारतातील स्थिती : मद्रासजवळील शोलावरम येथील जुन्या विमान-धावपट्टीवर दीर्घकाळ शर्यती होत. १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे कायमचा शर्यतमार्ग सुरू झाला. त्यानंतर कोईमतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि २०११ मध्ये ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट हे मार्ग उपलब्ध झाले. बुद्ध सर्किटवर सप्टेंबर २०२३ मध्ये भारतातील पहिली मोटोजीपी शर्यत झाली. पुण्याजवळील चाकण येथे बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार होणाऱ्या केटीएम आरसी ३९० या गाड्या जर्मनी व अमेरिका येथील तरुण स्वारांच्या शर्यतमालिकांतही वापरल्या गेल्या आहेत.

भारतात हौशी स्वार बहुधा रोजच्या वापरातील गाडीच शर्यतमार्गावर नेतो. अशा वेळी एक गोष्ट ध्यानात ठेवणे जरूर आहे : वाहन विम्याच्या प्रचलित करारांत संघटित शर्यती व वेगचाचण्या यांतील हानी वगळलेली असते. गाडीची दुरुस्ती स्वतःच्या खर्चानेच करावी लागते. खर्चाची मर्यादा असल्यास एंजिनाची दुय्यम झाकणे व ब्रेक-तरफेचे रक्षक यांना प्रथम, आसांच्या गुटक्यांना नंतर आणि आच्छादनाला शेवटी स्थान द्यावे. सुरक्षा-तारेचा खर्च नगण्य असल्याने ती कधीही गाळू नये.

मर्यादा : यांपैकी कोणतीही योजना पडणे टाळू शकत नाही. थंड टायर, हवेचा चुकीचा दाब, झिजलेली साखळी व थकलेला स्वार ही पडण्याची नेहमीची कारणे असून त्यांवरील उपाय गाडीवर चढवलेल्या कवचात नाहीत. शर्यतमार्गाच्या कडेची रचनाही परिणामकारक असते. डांबरी मोकळ्या जागेत गाडी घसरत थांबते; खडीच्या पट्ट्यात ती लवकर थांबते, पण कोलांटण्याचा संभव वाढतो. संरक्षक भागाची निवड करताना गाडी, स्वार आणि मागून येणारे यांच्या हितांत विरोध आला, तर गाडीचे हित शेवटी ठेवणे, हा या सर्व नियमांमागील सर्वमान्य संकेत आहे.