आजारपणाची निवृत्ती आणि आयकराचा हिशेब

घरातला कर्ता माणूस पन्नाशीच्या आत-बाहेर आजारी पडतो. पक्षाघात, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार. आधी पगारी रजा, मग अर्धपगारी रजा आणि शेवटी वैद्यकीय कारणावरून निवृत्ती. औषधपाण्याच्या धावपळीत आयकराचा विचार कोण करणार? पण मराठीत आयकर म्हणा की कन्नडमध्ये आदाय तेरिगे, तो आजारपण बघून थांबत नाही.

पहिला गैरसमज असा, की आजारपणात मिळालेल्या पैशाला कर लागत नाही. रजेच्या काळातला पगार, मग तो पूर्ण असो की अर्धा, कायद्याच्या दृष्टीने पगारच असतो. वैद्यकीय कारणाने मंजूर झालेली दरमहाची पेन्शनही ‘पगार’ याच सदरात येते. अपवाद सैनिकांचा. सेवेमुळे आलेल्या किंवा वाढलेल्या अपंगत्वामुळे ज्यांना सैन्यातून मुदतीपूर्वी निवृत्त केले जाते, त्यांची अपंगत्व पेन्शन करमुक्त असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगावात हे अनेक घरांना ठाऊक आहे. पण शिक्षक, कारकून वा बसचालक यांना तो नियम लागू होत नाही.

एकरकमी पैशांचे काय?

इथे मात्र दिलासा आहे. सरकारी नोकराची ग्रॅच्युइटी, पेन्शन विक्रीची रक्कम आणि निवृत्तीच्या वेळी मिळालेला शिल्लक रजेचा पगार पूर्ण करमुक्त असतो. खासगी नोकरीत ग्रॅच्युइटीला २० लाखांची आणि रजेच्या पगाराला २५ लाखांची कमाल मर्यादा आहे. भविष्य निर्वाह निधी पाच वर्षांच्या आत काढला तर एरवी कर लागतो. पण प्रकृतीच्या कारणाने नोकरी सुटली असेल तर तो लागत नाही. यासाठी निवृत्तीच्या आदेशात कारण स्पष्ट लिहिलेले हवे. ‘स्वेच्छेने राजीनामा’ असे लिहून दिले तर पुढे अडचण येते.

एक हिशेब

समजा, ५२ वर्षांच्या गृहस्थांनी २०२५-२६ मध्ये सहा महिने अर्धपगारी रजा घेतली व १,८०,००० रुपये मिळाले. पुढच्या सहा महिन्यांची पेन्शन १,६८,०००, थकबाकी १,५०,००० आणि ठेवींचे व्याज ७०,००० रुपये. एकूण ५,६८,०००.

नव्या करपद्धतीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन ४,९३,००० उरतात. या पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. (जमीन किंवा शेअर विक्रीचा नफा असेल तर हिशेब वेगळा.) जुन्या पद्धतीत वजावट ५०,०००, म्हणजे उत्पन्न ५,१८,०००. पाच लाखांची मर्यादा ओलांडल्यामुळे उपकरासह १६,७४४ रुपये कर बसतो. पण ४० टक्के वा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर आणखी ७५,००० वजा होतात आणि तिथेही कर उरत नाही. अपंगत्व ८० टक्के वा अधिक असेल तर ही वजावट १,२५,००० आहे. ती फक्त जुन्या पद्धतीत मिळते, हे विसरू नये.

कर शून्य म्हणजे विवरणपत्र भरायचे नाही, असे मात्र नव्हे. नव्या पद्धतीत उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की ते भरावे लागते.

इथे पाय घसरतो

साठ वर्षे पूर्ण होईपर्यंत कायदा तुम्हाला ज्येष्ठ नागरिक मानत नाही, पेन्शन सुरू झाली तरीही. त्यामुळे बँक ठेवींच्या व्याजावर एक लाखाऐवजी ५०,००० च्या पुढेच कर कापते. वरच्या उदाहरणात तो कापला जाईल, आणि विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळणार नाही.

निवृत्तीच्या वर्षी कचेरी आणि पेन्शन देणारी बँक आपापला वेगळा हिशेब धरतात. प्रमाणित वजावट दोघेही देऊ शकतात, पण ती वर्षातून एकदाच मिळते. दोन्ही प्रमाणपत्रे समोर ठेवूनच विवरणपत्र भरावे.

मागच्या वर्षांची थकबाकी एकदम मिळून कर वाढला तर त्यावर सूट मागता येते. १९६१ च्या कायद्यात त्यासाठी कलम ८९ व फॉर्म १०-ई होता. १ एप्रिल २०२६ पासून अंमलबजावणी असलेल्या नव्या कायद्यात कलमांचे व अर्जांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून उत्पन्न कोणत्या वर्षाचे, हे पाहूनच अर्ज निवडावा.

सही करण्यापूर्वी

सर्वांत महत्त्वाची गोष्ट करापलीकडची आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २० नुसार सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा त्याचा दर्जा कमी करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. तेही नसेल तर योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचे वय होईपर्यंत अतिरिक्त पदावर ठेवावे लागते. बसचे चाक हातात धरता येत नसेल, पण डेपोत बसून काम होत असेल, तर पेन्शनच्या अर्जावर घाईने सही करू नये.

कागद कन्नडमध्ये असतो, रुग्ण अंथरुणावर असतो आणि मराठी शाळेत शिकलेली घरची मंडळी ‘सही कुठे करायची’ एवढेच विचारतात. आज अनेक घरांत कन्नड शाळेत शिकणारे एखादे मूल आहे. त्याला शेजारी बसवून तो कागद ओळ न् ओळ वाचून घ्यावा, आणि मगच पेन उचलावे.