सौरऊर्जा घराघरांत – भाग ६ : गच्चीचा विचार नकाशावरच

वडोदऱ्याजवळ नर्मदेच्या शाखा कालव्यावर सुमारे ३.६ किलोमीटर लांबीचं सौर छप्पर आहे. क्षमता १० मेगावॉट. ११ जानेवारी २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस बान की-मून यांनी त्याचं उद्घाटन केलं. शेतजमीन अडू नये आणि कालव्यातल्या पाण्याची वाफही कमी व्हावी, म्हणून ही जागा निवडली. तेवढाच विचार शहरालगतच्या भायली, सेवासी, कलालीकडच्या नव्या वसाहतींच्या गच्च्यांबाबत व्हायला हवा, आणि तोही घराचा नकाशा कागदावर असतानाच.

घरगुती सोलर गुजरातला नवं नाही. २०१९ मध्ये राज्याची ‘सूर्य गुजरात’ योजना आली, फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची ‘पीएम सूर्यघर’. तिच्यात ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. म्हणजे ३ किलोवॉटवर महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट.

अडचण सुरू होते ती राहायला गेल्यावर सोलर बसवताना. पाण्याची टाकी नेमकी दक्षिणेला, जिन्याची खोली पूर्वेला. पॅनेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, त्यामुळे एकावर सावली पडली तरी साऱ्या रांगेची वीज घटू शकते. मग पॅनेलच्या सांगाड्यासाठी गच्चीच्या चायना मोझेइक फरशीला भोकं पाडायची आणि पहिल्याच पावसात छत गळतंय का ते बघत बसायचं. वायर बाहेरच्या भिंतीवरून लोंबते, अर्थिंगच्या खड्ड्यासाठी नवी फरशी फोडावी लागते. हे सगळं बांधकाम चालू असताना जवळजवळ फुकटात टळतं: टाकी उत्तरेला न्यायची, भिंतीत एक पाइप सोडायचा, सांगाड्याचे पाये वॉटरप्रूफिंगच्या आधी ओतून घ्यायचे.

वडोदऱ्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे उत्तरायण. १४ आणि १५ जानेवारीला अख्खं शहर पतंग घेऊन गच्चीवर असतं. त्यासाठी सांगाडा माणूस खालून सहज चालेल इतका उंच हवा. उंच सांगाडा वाऱ्याचा जोर जास्त झेलतो, म्हणून त्याचा भार इमारतीच्या मूळ गणितातच धरलेला बरा.

मग बिल्डर हे करत का नाही? कारण गच्ची आखतो तो, आणि पुढची पंचवीस वर्षं वीजबिल भरतो घर घेणारा. ही गाठ बाजार आपणहून सोडवत नाही. कॅलिफोर्नियाने तर १ जानेवारी २०२०पासून नव्या घरांना सोलर सक्तीचं केलं. वडोदऱ्यात निदान ‘सोलरसाठी तयार’ गच्ची ही बांधकाम परवानगीची अट असायला हरकत नाही. खर्च नगण्य आहे आणि पॅनेलची किंमत गृहकर्जात मिळवता येते.

उंच इमारतींचं गणित मात्र वेगळं. बारा मजल्यांच्या इमारतीतल्या सगळ्या फ्लॅटना पुरेल एवढी गच्ची नसतेच. तिथे लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे सोलरवर आले तरी मेंटेनन्स उतरतो, आणि सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. अट एकच: वरच्या मजल्यासोबत गच्चीचे हक्क, म्हणजे ‘टेरेस राइट्स’, विकलेले नसावेत. बुकिंगच्या वेळी दस्तात हे तपासावं.

पुढच्या भागात : नेट मीटरचं बिल कसं वाचावं.