कोशाच्या जाळीतून

स्क्रीन प्रिंटिंग म्हटले की आपल्याकडे लग्नपत्रिका आठवते. मीही ते भंडाऱ्यात पत्रिका छापणाऱ्या एका दुकानातच शिकलो. चौकटीवर ताणलेली जाळी, नको तिथे ती बुजवायची, हवी तिथे उघडी ठेवायची. रबरी पट्टीने शाई ओढली की उघड्या छिद्रांतून ती कागदावर उतरते. तत्त्व एवढेच.

मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी १९०७ साली या पद्धतीचे पेटंट घेतले, तेव्हा जाळी रेशमाची होती. पुढे नायलॉन, पॉलिएस्टर आले. ‘सिल्कस्क्रीन’ हे नाव मात्र टिकले. आमच्या मोहाडी तालुक्यात, आंधळगावात, कोसा विणतात. मग भंडाऱ्याची स्क्रीन कोशाची का नको?

विणकराकडून उरलेला तुकडा आणून चौकटीवर ताणला. वीण दाट, शाई उतरेना. एकाआड एक बाण्याचा धागा ओढून काढला, तर उरलेले सरकू लागले. पीठ चाळण्याच्या जुन्या रेशमी कापडात ताण्याचे दोन धागे पीळ घालून बाण्याला धरतात, म्हणून छिद्र हलत नाही. हे मला फसल्यावर कळले. शेवटी पातळ सरस लावून धागे धरले, तेलाची शाई घेतली आणि कागद कापून ऐनाचे पान छापले.

पान उमटले, पण कडा तुटक, मध्ये दाट-विरळ पट्टे. कोशाचा तंतू चपटा, तुतीच्या रेशमाहून जाड. ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर रानात वाढलेल्या अळीचा तो, त्यातून सूत मांडीवर वळलेले. छिद्रे सारखी येणार कुठून? पत्रिकेच्या दुकानात हा माल परत आला असता.

परंतु प्रयोगशील मुद्राचित्रणाची सुरुवात बहुधा अशा दोषापाशीच होते. वॉरहॉल यांनी १९६२ च्या मेरिलिन मन्रोच्या छापांत शाईचे डाग, पुसट जागा तशाच ठेवल्या. सोमनाथ होर यांनी सत्तरच्या दशकातल्या ‘वूंड्स’ मालिकेत शाईच वगळली: माती-मेणावर जखमा कोरून सिमेंटचा साचा घेतला, त्यावर कागदाचा लगदा दाबला. पांढऱ्यावर पांढरी जखम. तिथे साचाच बोलतो. माझ्या छापात जाळी बोलते, असे मला वाटत होते; पण हे माझे स्वतःचे समाधान तर नव्हे, ही धास्तीही होती.

म्हणून छाप आंधळगावला नेला. सूत काढणाऱ्या एका आजींनी पानाकडे पाहिलेच नाही. एका जाड रेघेवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, इथे सूत तुटून पुन्हा जोडलेले आहे.